बाबा, काखेत लटकू नका

प्रिय बाबा (आणि आई, कारण चष्मा सापडत नाही म्हणून हे मोठ्याने तूच वाचून दाखवणार),

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही हॉलमधून किचनपर्यंत चालून दाखवलं ना, तेव्हा आई म्हणे बघ कसे मस्त चालून राहिले, आणि मी तुमच्या पायाकडे नाही, खांद्यांकडेच पाहून राहिली होती. खांदे पार कानाला लागलेले आणि तुम्ही त्या कुबड्यांवर असे लटकलेले जसा दोरीवर ओला टॉवेल. कॉलवर बोलली असती तर तुम्ही हाव हाव म्हणून आयपीएलचा स्कोअर विचारला असता, म्हणून लिहूनच पाठवून राहिली.

मागच्या डिसेंबरात मी इथे म्युनिकला बर्फावरून घसरून घोटा मोडून घेतला ते तुम्हाला माहीतच आहे, पण एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. पायाचं दुखणं दहा-बारा दिवसांत निवळलं, रडवलं ते हातांनी. इथे काखेतल्या कुबड्या फारशा देतच नाहीत, कोपराखाली कड्यात हात अडकवायच्या असतात, सगळं वजन तळहातावर. रात्री करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट सुन्न व्हायचं, चहाचा कप उचलताना हात थरथरायचा. शेवटी फिजिओथेरपीवाल्या बाईने माझ्या कुबड्या हातात घेतल्या आणि हसायलाच लागली. माझ्या त्या कुबड्यांच्या मुठीला तळहाताचा आकार दिलेला होता, डाव्या हाताची वेगळी, उजव्याची वेगळी, आणि मी दोन आठवडे डावी-उजवी उलट धरून फिरत होती! चपला उलट्या पायात घातल्यासारखं. इंजिनियर पोरगी तुमची.

तर आता तुमचं. काखेतली गादी ही वजन द्यायला नसतेच बाबा. ती बरगडीला दंडाने हलकेच दाबून धरायची, म्हणजे कुबडी डुगडुगत नाही, बस. काखेतून हातात जाणाऱ्या नसा जातात, रोज तिथे दाब पडला तर मनगट लुळं पडू शकते, पंजा वर उचलताच येत नाही. धंतोलीतल्या त्या सर्जिकल दुकानवाल्याने तुमची उंची विचारून अंदाजाने कुबडीच्या उंचीचं छिद्र लावून दिलं असेल, माणूस उभा करून मोजलंच नसेल. दादाला सांगा आज संध्याकाळी पाना घेऊन बसायला. तुम्ही चांगल्या पायात बूट घालून किचनच्या ओट्याला टेकून उभे राहा, खांदे ढिले सोडा, हात खाली लोंबू द्या. गादी आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, आणि कुबडीची मूठ बरोब्बर तिथे यायला पाहिजे जिथे मनगटाची घडी पडते. मग मूठ धरली की कोपर थोडं वाकतं, 20 ते 30 अंश. मला वाटते तुमची मूठ दोन छिद्रं तरी वर आहे, म्हणूनच ते खांदे कानाला.

आणि आवळून धरू नका हो! काल तुमची बोटं पांढरी पडलेली दिसली मला. तुम्ही महालच्या आखाड्यात मुठींवर जोर मारायचे, तेव्हा मनगट कसं सरळ राहायचं, तसंच ठेवायचं, मागे मोडायचं नाही. वजन तळहाताच्या मधोमध, करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर नाही, तिथली नस दाबली की त्या दोन बोटांना मुंग्या येतात (माझं तेच झालं होतं). अंगठ्याकडच्या बोटांना आल्या तर ती दुसरी नस. पण कुठेही आल्या तरी दोन दिवस वाट पाहत बसू नका, डॉक्टरला सांगा.

घामाचं काय करायचं हा प्रश्न इथे मला पडला नव्हता, तुम्हाला मे महिन्यात नागपुरात पडणारच. ते रबर ओलं झालं की हात सरकतो आणि मग माणूस आणखी आवळतो. आईचा जुना सुती दुपट्टा फाडून एक-दोन वेढे घट्ट गुंडाळा, रोज बदला. जास्त जाड नको, बोटं पूर्ण वळली पाहिजेत. नाहीतर बर्डीच्या बाजारात जिमचे अर्ध्या बोटांचे हातमोजे भेटतात. आणि आई, कूलरखाली जे पाणी गळते ना दर उन्हाळ्यात, ते आधी दुरुस्त कर, ओल्या फरशीवर कुबडीचं बूच घसरलं तर परत धंतोलीचा दवाखाना.

टाकायचं अंतर छोटं ठेवा, कुबड्या एक फूट पुढे, आपल्या हॉलची अर्धी फरशी. लांब टाकल्या की हात पुढे ताणले जातात आणि सगळा भार खांद्यावर. पाठ आखडणारच थोडी, कारण एरवी उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे असं आपण चालतो आणि आता दोन्ही हात एकदम जातात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा बसून खांदे गोल फिरवा, मुठी उघडा-मिटा, टीव्ही पाहता पाहता होते ते.

पुढे डॉक्टर एका कुबडीवर आणतील तेव्हा ती चांगल्या पायाच्या बाजूला धरायची, म्हणजे तुम्ही उजव्या हातात. सगळे उलटंच करतात, तुम्ही पण करणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

दादाने मूठ खाली केली की बाजूने फोटो काढून पाठवा. समोरून नको, बाजूने, कोपर दिसलं पाहिजे.

तुमची,
छोटी