चिमूला, फ्रीटाऊनला निघायच्या आधी

प्रिय चिमू,

तुझं सिएरा लिओनला, मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेच्या ग्लोबल मर्सी या हॉस्पिटल जहाजावर जायचं पक्कं झालं तेव्हापासून पप्पा चर्चमध्ये भेटेल त्याला सांगतायत, आणि लोक मला तेच विचारतात जे 2015 ला मी मादागास्करला निघाले तेव्हा विचारायचे, की पगार नाही आणि वर राहण्याखाण्याचे पैसे पण आपणच भरायचे हे कसलं काम. तुला विचारलं तर सरळ सांग, सर्जन असो, इलेक्ट्रिशियन असो की किचनमध्ये भांडी घासणारा असो, तिथे सेवेला आलेले जवळजवळ सगळेच आपापला खर्च भरतात आणि एकाच लाइनीत जेवायला उभे राहतात, पेशंटकडून मात्र ऑपरेशनचा एक पैसा घेत नाहीत. मला हे फार आवडायचं. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांसमोर आम्ही सिस्टर लोक खुर्चीवरून उठून उभ्या राहतो, तिथे तेच डॉक्टर ट्रे घेऊन माझ्या मागे उभे.

आमचं जहाज आफ्रिका मर्सी म्हणजे डेन्मार्कची जुनी रेल्वे फेरी, ते आतून बदलून हॉस्पिटल केलेलं, आणि आम्ही मादागास्करच्या तामातावे बंदरात होतो. तुमचं जहाज मुळातच हॉस्पिटल म्हणून बांधलंय त्यामुळे तुला जागा बरी मिळेल, पण केबिन शेअर करावीच लागेल, आणि चार देशांच्या चार मुली एका बाथरूमवर म्हटल्यावर खटके उडणारच. रात्री झोपायच्या आधी बोलून मिटवायचं, सकाळवर ढकलायचं नाही. प्रार्थनेला सगळे छान असतात गं, माणूस कळतो तो बाथरूम साफ करायची पाळी आली की.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळंच आहे. स्क्रीनिंगचा दिवस, म्हणजे कोणाचं ऑपरेशन होऊ शकतं ते तपासून ठरवायचा दिवस. लोक रात्रीपासून लाइन लावून बसतात, कोणी दोन दोन दिवस चालत आलेलं, कोणाच्या जबड्यावर नारळाएवढी गाठ, कोणाच्या कडेवर भाजून हात छातीला चिकटलेलं लेकरू. आणि जहाजावर ठराविक ऑपरेशनंच होतात, म्हणून खूप जणांना नाही सांगावं लागतं. कॅन्सर पसरलेला असेल तर नाही. लकवा असेल तर नाही. हे कोणी आधी सांगत नाही, सगळे फोटो दाखवतात ते बऱ्या झालेल्यांचे. मी तिथे एवढंच शिकले की नाही म्हणताना घाई करायची नाही, उभ्याउभ्या तर अजिबात सांगायचं नाही. खाली त्या माणसाच्या बरोबरीने बसायचं, त्याच्या डोळ्याकडे बघायचं, ट्रान्सलेटर बोलतोय म्हणून ट्रान्सलेटरकडे बघायचं नाही, आणि त्याला हवी असेल तरच प्रार्थना करायची. नको म्हणाला तर गप्प बसून राहायचं, उठून जायचं नाही. एक आजी होत्या, त्यांना नाही सांगितल्यावर त्याच माझा हात धरून कितीतरी वेळ थोपटत बसल्या. प्रभू सगळ्यांना बरं का करत नाही याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही आणि पुढेही मिळालेलं नाही, तरी माझा विश्वास टिकला तो तसं बसून राहण्यामुळेच टिकला असं मला मनापासून वाटतं.

तू फिजिओ आहेस म्हणजे तुझी गाठ ऑपरेशन झालेल्यांशी पडणार. वाकड्या पायांची पोरं प्लास्टर निघालं की सरळ पाय बघून उभं राहायलाच घाबरतात, भाजलेल्यांना तर तू आलीस की रडूच फुटेल कारण तू दुखवणार. सर्जनचं सगळे नाव घेतील, तुझं कोणी घेणार नाही. चालेल ना? नीट विचार कर यावर, जायच्या आधीच.

आणि तिथल्या नर्सेसना शिकवायला निघालीयस असं मनात आणू नकोस. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 युद्ध चाललं, मग 2014 ला इबोलाची साथ. तिथल्या केनेमा शहराच्या सरकारी हॉस्पिटलात किती नर्सेस पेशंटची सेवा करता करता गेल्या, डॉ. शेख उमर खान तिथेच इबोलाचे पेशंट बघताना आजारी पडले आणि गेले. जे उरले ते पुन्हा ड्युटीवर आले. त्यांच्यापुढे आपण काय! आपल्या मिरजेत मिशनरी डॉ. वान्लेस यांनी 1894 ला हॉस्पिटल सुरू केलं, पण ते आजही ओळखीचं वाटतं कारण त्यांनी इथल्याच लोकांना हाताशी धरून शिकवलं, त्यांच्याच जिवावर ते पुढे चाललं. म्हणून तुझ्या हाताखाली जी लोकल मुलं मिळतील त्यांना एक्सरसाइज करून दाखव, मग त्यांना करू दे आणि तू बाजूला हो. जहाज एक दिवस बंदर सोडणार, ती मुलं तिथेच राहणार.

तिथे मुसलमान जास्त आहेत, रोजे असतील तेव्हा व्यायामाच्या वेळा त्यांना विचारून ठरव. मलेरियाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आमच्या वेळी गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यापाशी, सिक्युरिटीला नेपाळी गुरखे असायचे, तुमच्याकडेही असतील तर हिंदीत बोलत जा, फार खूश होतात. चटणी थोडीच ने, वास सगळ्या केबिनला. आणि पहिलं स्क्रीनिंग झालं की फोन कर, आपल्याकडे कितीही वाजलेले असू देत.

तुझी
आई