लगेच पिल्लू न दिल्याबद्दल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान मुलीला ताई म्हणायचं आणि वर आशीर्वादही द्यायचे, ही जरा गंमतच आहे. पण कल्याणपासून बदलापूरपर्यंत कुत्र्या-मांजरांसाठी तुला फोन करणारे सगळे ताईच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहिते. तुझं नाव, संस्थेचं नाव, इमारत यातलं काहीही इथे येणार नाही. "पत्ता फुटला की दुसऱ्या दिवशी दारात खोकं," असं तूच म्हणाली होतीस. आम्ही पहिल्यांदा तुझ्याकडे आलो त्या दिवशीही जिन्यात सफरचंदाचं खोकं होतंच. वरून सुतळीने बांधलेलं, आत डोळेसुद्धा न उघडलेली मांजराची पिल्लं. तू कुणाला शिवी दिली नाहीस. खोकं उचललंस आणि म्हणालीस, "काकू, बसा पाच मिनिटं, आधी यांना ऊब देते."

आमची कुत्री मिरी घरी आली म्हणून तुझे आभार मानणारे आमच्या घरात बरेच आहेत. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचे आभार मानायचेत. मागितल्याबरोबर तू ती आम्हाला दिली नाहीस, त्याचे.

कुत्रा हवा हा लेकीचा घोष पाचवीपासूनचा. ती नववीत गेली आणि आम्ही हात टेकले. आधी एका दुकानात बीगल बघून झालं होतं. "पस्तीस दिवसांचं आहे, आजच घेऊन जा, उद्या राहणार नाही," असं तिथला माणूस म्हणाला. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, हे नंतर तुझ्याकडून कळलं. दुकानातल्या किमतीने नवऱ्याचे डोळे पांढरे झाले आणि कुणीतरी तुमच्या संस्थेचा नंबर दिला. फुकट मिळणार म्हणजे लगेच मिळणार, असा आमचा सरळ हिशोब. टॉवेल अंथरलेली टोपली घेऊनच आम्ही कल्याणला आलो होतो. परत निघालो तेव्हा त्या टोपलीत तुझा चार पानी फॉर्म होता. "नोकरी लागताना मला एवढं विचारलं नव्हतं," असं नवरा पत्री पुलावर अडकलेल्या रिक्षात बसून म्हणाला, आणि तिथला ट्रॅफिक हलेपर्यंत तेच म्हणत राहिला.

फॉर्ममधले काही प्रश्न अजून पाठ आहेत. घर भाड्याचं की स्वतःचं. बाल्कनीच्या ग्रिलमधली फट किती बोटांची. गावाला जाता तेव्हा कुत्रं कुठे राहील. मुलगी बारावीला गेली की सकाळी कोण फिरवेल. आणि एक, ज्याच्यावर आम्ही बराच वेळ अडलो: घरात कुणाला कुत्रं नको आहे का, असल्यास का.

होती ना नको असणारी व्यक्ती! माझे सासरे, नाना. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी गुहागरकडे त्यांना पिसाळलेला कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली त्यांची पिढी. त्या वेदनेची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला निघते. आमचा बेत असा होता की पिल्लू आणून ठेवायचं, मग नानांचाही आपोआप जीव जडेल. बहुतेक घरं असंच करत असतील. तू होम चेकला आलीस, ग्रिलमध्ये बोटं घालून बघितलीस, सोफ्याखाली वाकून बघितलंस, उंदराचं औषध कुठे ठेवता ते विचारलंस. मग नाचणाऱ्या लेकीकडे न वळता नानांसमोर जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "आजोबा, तुमची हरकत असेल तर मी पिल्लू देणार नाही. तुम्ही सांगा."

एवढं थेट त्यांना आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. ते बोलत गेले आणि तू ऐकत गेलीस. मग तू त्यांना सांगितलंस की मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंदच झाली. आता चावल्यावर दंडात घेतात, त्या दिवशी पहिलं, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. आणि हेही सांगितलंस की रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की आजही जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून भीती वाटण्यात वेडेपणा काही नाही. नानांची भीती खरी आहे असं त्यांना इतक्या वर्षांत बहुधा तूच पहिल्यांदा म्हणालीस. त्यांनी लगेच होकार दिला नाही. "विचार करून सांगतो," म्हणाले, आणि तूही "चालेल" म्हणून चहा पिऊन निघून गेलीस. आम्ही तुझ्यावर थोडे चिडलोच होतो, आता सांगायला हरकत नाही.

नाना हो म्हणाले, तरी तू थांबायला लावलंस, कारण तोपर्यंत मिरी आणि तिची भावंडं आजारी पडली होती. त्या दिवसांबद्दल तू कधी बोलली नाहीस. मला कळलं ते तुझ्या वहीमुळे.

मिरीला न्यायला आलो तेव्हा तू लसीचं कार्ड शोधत होतीस आणि वही टेबलावर उघडी राहिली होती. शंभर पानी, शाळेची. तुझ्या हाताने आखलेले रकाने: वेळ, उलटी, शी, ताप, सलाइन. नावांच्या जागी रंग. सातही पिल्लं काळी, ओळखू येत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा वेगळा धागा होता. लाल, पिवळा, पांढरा, जांभळा, निळा, गुलाबी, हिरवा. पहाटे दोन, तीन, चार अशा वेळांच्या ओळी. 'शी: रक्त' हे दोन शब्द पानापानावर. पांढऱ्याच्या रकान्यावर एका जागी आडवी रेघ मारलेली आणि त्याखाली काही नाही. लालच्याही. पुढच्या पानावर जांभळा आणि गुलाबी. 'हिरवा' मात्र चालू होता. एका सकाळी तिथे लिहिलं होतं, 'दोन चमचे पाणी, टिकलं.' ते हिरवं पिल्लू म्हणजे आमची मिरी.

त्यांना झालेल्या आजाराचं नाव पार्व्हो. मग मी त्याबद्दल वाचलं. या विषाणूवर थेट औषध नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी संपतं आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. सलाइन लावत, दुसरा संसर्ग होऊ न देता पिल्लाचं स्वतःचं शरीर उभं राहीपर्यंत त्याला तगवून धरायचं, एवढाच उपाय. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि लसीचं अजून पुरतं आलेलं नसतं, त्या मधल्या आठवड्यांत तो गाठतो. जमिनीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. तुझ्या बोटांची सालं का निघालेली होती ते तेव्हा उमगलं. आणि टोपली घेऊन आलो त्या पहिल्याच दिवशी तू पिल्लू दिलं असतंस, तर हे सगळं आमच्या हॉलमध्ये, आमच्या अडाणी हातांत झालं असतं. रक्ताची शी बघून आम्ही आधी ताकभात दिला असता.

नंतरही नाइन-इन-वन लसीचा दुसरा डोस होईपर्यंत तू तिला भावंडांतच ठेवलंस. लेक रोज फोन करून भुणभुण करायची. "चावायला शिकू दे," असं तू तिला म्हणालीस. पिल्लं एकमेकांना कडकडून चावतात, समोरचा केकाटतो, खेळ थांबतो, आणि जबडा किती आवळायचा हे तिथे कळतं. माणसांना ते शिकवायला महिने लागतात. आज मिरी नानांच्या हातातून बिस्किट घेते ते ओठांनी. पिवळ्या आणि निळ्या धाग्यांनी तिला शिकवलेलं आहे ते.

घरी आल्यावरचा तुझा छळ वेगळाच. आमचं घर शाकाहारी. दूध-पोळीवर कुत्रं मजेत वाढतं अशी आमची पिढीजात समजूत. "काकू, दुधाने जुलाब होतील, प्रथिनं कुठून देणार?" या तुझ्या प्रश्नाने आमच्या घरात पहिलं अंडं आलं. त्यासाठी बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. कांदा, मनुका, चॉकलेट यांची 'बंद' यादी फ्रीजवर तुझ्याच अक्षरात चिकटवलेली आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून काढायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलंय.

सोसायटीचा किस्सा तर तुला माहीतच आहे. कमिटीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टबंदीची नोटीस लावायची भाषा केली. पशु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक तू मला पाठवलंस. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. पण सोबत लिहिलंस, "हे शेवटी काढा. आधी लसीचं कार्ड आणि शी उचलायची पिशवी दाखवा." परिपत्रक अजून फोनमध्येच आहे, काढायची वेळ आली नाही. कायदा खिशात ठेवून नमस्कार आधी करणारी माणसं मी नोकरीतसुद्धा फार पाहिली नाहीत.

पहिल्या दिवाळीआधी तुझा फोन आला. नेहमीच्या पट्ट्यासोबत छातीचा पट्टाही लावा, दोन्हीला दोरी, गळ्यात नंबर, संध्याकाळच्या आत फिरवून आणा, कारण फटाक्यांच्या त्या चार दिवसांत खूप कुत्री हरवतात. फडके रोडवर तरुणाई नटून जमली होती आणि आमची मिरी बाथरूममध्ये बादलीमागे. नाना बाहेर स्टुलावर बसून मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते विचारलं नाही.

नसबंदीसाठी तर तू पठाणी वसुलीच केलीस. सहा महिने व्हायच्या आधीच निरोप: तारीख कळवा. "एकदा तरी पिल्लं होऊ दे, बिचारीला," असं म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही निघाले. त्यांना मी तुझ्या जिन्यातलं खोकं सांगितलं, आणि नसबंदी न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात पू होऊ शकतो तेही सांगितलं. मिरी गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरभर दारांना आपटत फिरली आणि टाके निघेपर्यंत नाना तिच्या मागे मागे.

तिची आई एमआयडीसीतच आहे, फेज दोनमध्ये, जिथे ही सात पिल्लं नाल्याच्या पाइपमध्ये सापडली. पिल्लं दूध तोडेपर्यंत तू थांबलीस, मग तिला पकडून नसबंदी आणि रेबीजची लस करवलीस, कानाला खूण झाली, आणि २०२३ च्या नियमात लिहिल्याप्रमाणे ती होती तिथेच परत सोडलीस. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दलचा आदेश आला तेव्हा आमच्या लिफ्टमध्येही दोन तट पडले होते. ११ तारखेला सगळी उचलून निवाऱ्यात न्या असा आदेश, २२ तारखेला बदल: पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी-लसीनंतर परत सोडा. त्या अकरा दिवसांत तुला किती शिव्यांचे फोन आले ते मला तुझ्या आईकडून कळलं. चावा घेतलेल्या पोराच्या आईचा राग मला समजतो, आमच्याच घरात नाना आहेत. पण तिचा राग निवायचा तर पकडणारे, टाके घालणारे आणि लस टोचणारे हात लागतात, आणि त्या कामाला गल्लीत तू एकटी दिसतेस. वॉर्डातले बाकीचे आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर असतो.

तू आमच्याकडून एक रुपया घेतला नाहीस. लसींची पावती मागितली तर "पुढच्यासाठी काही द्यायचं असेल तर द्या" म्हणालीस. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेतून थोडी रक्कम आपोआप तुमच्या खात्यावर जाईल अशी सोय केली आहे. फार नाही, सलाइनच्या काही बाटल्या निघतील. लेक आता अकरावीत आहे, रविवारी सकाळी येऊन पिंजरे धुवायचं म्हणते. ब्लीचसाठी हातमोजे ती घेऊन येईल, तूही घालत जा.

तुझी,
डोंबिवलीची काकू

ता. क. गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्याची कडी तू तारेने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. नवऱ्याच्या कंपनीशेजारी फॅब्रिकेशनवाला आहे, तो शनिवारी दुपारी वेल्डिंगचं मशीन घेऊन येईल. त्याला वर प्लगची सोय लागेल, तेवढी करून ठेव. पैशांचं त्याच्याशी बोलू नकोस, ते झालंय. आणि त्याला कुत्र्यांची भीती वाटते, तेव्हा तो असेपर्यंत सगळ्यांना खाली ठेव.