शनिवारी दुपारी साडेबाराला रेडिओ लावा

ती. आई-बाबा,
सा. न.

यंदा गणपतीला मी येत नाहीये. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. इथे अमेरिकेतल्या एका छोट्या एफएम स्टेशनवर मला दर शनिवारी पहाटे ३ ते ६ अशी वेळ मिळाली आहे आणि मी हो म्हटलं आहे. पहिल्याच मोसमात तीन आठवडे सुट्टी मागणं बरं दिसत नाही. दिवाळीला नक्की येते, तिकीट काढलंय.

आई, नोकरी सोडलेली नाही. सोमवार ते शुक्रवार सगळं आहे तसंच आहे. रेडिओचे पैसे मिळत नाहीत, कारण अशी स्टेशनं जाहिराती घेत नाहीत. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतात आणि निवेदक बहुतेक बिनपगारी असतात. बाबा विचारतील, असं किती दिवस टिकणार? तर जर्सी सिटीतलं डब्ल्यूएफएमयू हे असंच स्टेशन बघा. १९५८ साली ते अप्साला कॉलेजचं स्टेशन म्हणून निघालं. कॉलेज १९९५ साली बंद पडलं, स्टेशन मात्र आजही चालू आहे. मार्च आला की दोन आठवडे श्रोत्यांकडे वर्गणी मागतात आणि लोक देतात. आपल्या चाळीच्या गणपतीसारखंच की हे.

तिथे काय, आमच्याकडे काय, कोणतं गाणं लावायचं हे निवेदकाला कोणी सांगत नाही. त्यामुळेच जबाबदारी वाढते. तीन तासांत बोलणं वगळून साधारण ४० गाणी बसतात. मी ७० घेऊन जाणार, कारण घरी जुळलेली दोन गाणी तिथे शेजारी लावली की कधीकधी एकमेकांना मारतात. देश बघून जोड्या लावायच्या नाहीत, आवाज बघून लावायच्या. थायलंडच्या ईशान भागातल्या मोलाम या लोकगाण्यात खेन नावाचं बांबूचं तोंडाने फुंकायचं वाद्य असतं. त्याचा सलग भरलेला सूर संपतासंपता आपल्या नाट्यगीतातली पेटी आली, तर कान दचकत नाही. पण स्वर आधी तपासायचा. अर्ध्या स्वराचा फरक असला तर दोन्ही गाणी बेसूर वाटतात. मग सरळ पाच सेकंद बोलून घ्यावं. झांबियातल्या सत्तरच्या दशकातल्या खरखरीत गिटारच्या रॉकनंतर गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि गायिका लॉर्नांचा आवाज छान बसतो. सलग तीन धावती गाणी मात्र कधीच नकोत. पहाटे चारला ऐकणारा माणूस एकतर कामावर असतो नाहीतर त्याला झोप येत नसते.

दर चार-पाच गाण्यांनंतर नावं सांगायची: गायक, गाव, भाषा, वर्ष. वर्ष वेष्टनावर नसेल तर अंदाज ठोकायचा नाही. उच्चार आधी त्या भाषेच्या माणसाकडून ऐकून घ्यायचा. परक्याचं गाणं वाजवायचं आणि त्याचं नाव वाकडं घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. बाबा, गौहर जानच्या १९०२च्या तबकडीच्या शेवटी ती स्वतःच नाव सांगते, आठवतं? तबकड्या जर्मनीत निघायच्या, तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. मी तेच काम करणार आहे, एवढंच समजा.

हाताचं काम फार नाजूक आहे. तबकडीवरचा पहिला आवाज हेडफोनमध्ये शोधायचा आणि तिथून पाव फेरा मागे आणून ठेवायचा. थेट त्या आवाजावरच ठेवली तर चकती पूर्ण गती घेईपर्यंत पहिला स्वर रडका निघतो. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर पाण्याचा ग्लास ठेवायचा नाही. दर तासाच्या ठोक्याला स्टेशनचं सांकेतिक नाव आणि गाव बोलायचं, तो इथला कायदाच आहे. इंटरनेटवरच्या प्रसारणाचे नियम आणखी वेगळे: तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत आणि कोणतं गाणं लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. म्हणून आई, तुझं गाणं कधी ते तुलाही सांगत नाही. सगळं ऐकावं लागेल.

आता नानांच्या ट्रंकेतल्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. दिवाळीला आले की त्यातल्या थोड्या घेऊन येईन, पण तोवर कृपा करून माझं ऐका. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावून पुसू नका. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. मऊ फडक्याला डिस्टिल्ड वॉटरचे थेंब लावून खाचांच्या दिशेने पुसा, मधला कागद कोरडा ठेवा, उन्हात वाळवू नका. आणि बाबा, नव्या प्लेअरवर लावून बघू नका. एलपीची सुई बारीक असते, सुमारे १८ मायक्रॉनची. ७८च्या तबकडीला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते आणि गाण्याऐवजी साठलेली धूळच ऐकू येते. शिवाय १९२५च्या आधीच्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८च्या गतीच्या नसतात. त्यामुळे सूर चढा लागला तर गाणाऱ्याला बोल लावू नका, इथे मी गती कमीजास्त करून बघेन.

माझी काळजी करू नका. शुक्रवारी आठला झोपणार, दीडला उठणार. न्यूयॉर्क-न्यू जर्सीची पाथ ट्रेन रात्रभर चालते. स्टुडिओ गार असतो, म्हणून आई, तुझी मरून शाल तिथेच ठेवलीय. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात मेतकूट-भात. तू भरून दिलेलं मेतकूट अजून पुरतंय. रात्री वीज गेली की बाबांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर ऐकत मी झोपून जायची ना, त्या अंधाराची आठवण स्टुडिओतले दिवे मंद केले की येते.

माझा कार्यक्रम सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे शनिवारी दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर दीड वाजता. मी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवलं की सुरू होईल. तासाला साठेक एमबी जातात, तेवढा डेटा तुमच्या पॅकमध्ये आरामात बसतो. आवाज मध्येच तुटला तर फोन बंद करू नका, मिनिटभर थांबा. बाबा, जेवण आणि बीपीची गोळी बारापर्यंत उरका, नाहीतर ऐकण्याच्या नादात राहून जाईल. आई, खुर्चीत बस, गुडघा दुमडून जमिनीवर नको. बाबा मध्येच झोपले तर झोपू दे, फक्त स्पीकर चार्जिंगला लावून ठेव.

तुमची,
चिऊ