अ‍ॅस्पिरिन बंद केली आहे, त्याविषयी

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आतड्यातून रक्त गेल्यानंतर तुमची अ‍ॅस्पिरिन कायमची बंद करायला मी होकार दिला आहे. तुम्ही गुंगीत होतात, आई जागरणाने थकली होती, म्हणून तुम्हाला न विचारता हे ठरले आणि ते मला अजून लागून राहिले आहे. म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

रक्त गेले यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता. तुमच्या हृदयाला मदत करायला छातीत बसवलेल्या पंपाची चक्री रक्त इतक्या वेगाने ढकलते की, रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या त्या ताणाने उलगडतात आणि तुटतात. त्यातच प्रवाहाला पूर्वीसारखा ठोका नसल्याने आतड्याच्या अस्तरात नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. त्यांतलीच एक वाहत होती. ती दुर्बिणीतून डागून बंद केली. अशा शरीराला वॉरफरीन आणि अ‍ॅस्पिरिन या गुठळ्या रोखणाऱ्या दोन्ही औषधांचा भार कशासाठी, हा माझा प्रश्न होता. तुमच्यासारख्याच, चुंबकावर तरंगणाऱ्या चक्रीच्या पंपावर असलेल्या 600हून अधिक रुग्णांची एरीज नावाची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्यांमध्ये मोठे रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. हे वाचल्यावरच मी हो म्हटले, बाबा.

वॉरफरीन मात्र सुटणार नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, 2 ते 2.5 ठेवायचा असे डॉक्टरांनी ठरवले आहे, तेव्हा तपासणीचा एकही दिवस चुकवू नका. रक्ताची पिशवी लावताना ते कचरले, तेही तुमच्याच भल्यासाठी. बाहेरच्या रक्ताने अंगात प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींशी लढणारी प्रथिने, तयार झाली, तर पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारे हृदय मिळणे अवघड होते.

आई, उशाशी चार्ज केलेल्या बॅटऱ्या ठेव, रात्री दिवा मंद चालू राहू दे आणि बाबांची उशी उंच कर. तेवढ्याने त्यांना झोप लागते. साध्या यंत्रावर रक्तदाब नीट कळत नाही, म्हणून डॉप्लरनेच, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानेच, बघ आणि आकडा 90च्या वर गेला तर लगेच कळव. गुडघे कितीही दुखले तरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घरात आणायचे नाही. शौचास डांबरासारखे काळे झाले, तर लोहाच्या गोळ्यांमुळे असेल असे तुम्हीच ठरवू नका. या वेळी त्यातच चार दिवस गेले. अचानक डोके फुटल्यासारखे दुखले, बोलताना जीभ अडखळली किंवा पंपाचा इशारा वाजला, तर मला फोन नंतर करा, आधी रुग्णालय गाठा.

लहानपणी माझा घोळणा फुटला की तुम्ही मला पुढे वाकवून नाकपुड्या चिमटीत धरायचात आणि रक्त थांबेपर्यंत शंभर-शंभर आकडे मोजायचात. आता तुमचा फुटला तर तसेच करायचे, मान मागे टाकायची नाही. पंधरा मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टरांना कळवा. आकडे आईने मोजावेत. शनिवारी मी येते आहे, तोवर अ‍ॅस्पिरिनची जुनी पाकिटे मला देण्यासाठी बाजूला काढून ठेवा. रागावला असलात तर समोर बोला, बाबा. मी ऐकून घेईन.

तुमची,
धाकटी