एका फाशावर पास नको

संपादक महोदय,

घरी बनवायच्या अमेरिकन फुटबॉलच्या पटाचा आपल्या पुरवणीतला आराखडा मापाला चोख आहे. एका यार्डाला 5 मिलिमीटर धरले की दोन्ही एन्ड झोनसकट (गोल रेषांमागचे 10-10 यार्डांचे पट्टे) 120 यार्डांचे मैदान 60 सेंटिमीटरांत बसते, रुंदीला 27 पुरतात. पासचा, म्हणजे चेंडू पुढे साथीदाराकडे फेकण्याचा, नियम मात्र फसला आहे. एकच फासा, 4, 5, 6 पडले तर झेल, 2 किंवा 3 ला पास वाया आणि 1 पडला की इंटरसेप्शन. म्हणजे सरासरी दर सहा पासांमागे एकदा चेंडू समोरच्याच्या हाती! एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, हल्ली शंभरात दोन-तीनच पास असे जातात आणि साठ-पासष्ट झेलले जातात. या नियमाने थोड्याच वेळात दोघेही पास टाकायचे सोडतात आणि उरते नुसती धावाधाव, 1906 साली पुढे पास टाकायची मुभा मिळण्याआधी होती तशी.

फासे तीन घ्यावेत, दोन पांढरे आणि एक लाल, आणि तिन्ही एकदमच टाकावेत. पास टाकणाऱ्याने आधी आखूड (5 यार्ड), मध्यम (12) किंवा लांब (30) यांपैकी एक पत्ता पालथा ठेवावा. बचाव करणाऱ्यानेही आपला अंदाज तसाच पालथा ठेवावा. लाल फासा आधी वाचायचा. मध्यम पासला 1, लांबला 1 किंवा 2 पडले तर सॅक (चेंडू फेकण्याआधीच फेकणारा पाडला जातो), 7 यार्ड मागे. पांढऱ्यांकडे बघायचेच नाही. आखूड पासला सॅक नाही, चेंडू हातातून लगेच सुटतो. सॅक टळला तर पांढऱ्यांची बेरीज: आखूडला 6, मध्यमला 7, लांबला 9 किंवा जास्त आली की झेल. छत्तीस दानांपैकी अनुक्रमे 26, 21 आणि 10 दाने लाभतात. बेरीज 2 आली तर इंटरसेप्शन, लांब पासला 3 लाही. बाकी सगळे पास वाया: डाउन (पुढे सरकायच्या चार संधींपैकी एक) खर्ची पडतो, चेंडू होता तिथेच परत.

बचावाचा अंदाज बरोबर निघाला तर झेलाची अट एकाने वाढवावी. दानातून एक वजा करू नये. दोन्ही सारखेच वाटते, पण वजाबाकीत 3 चे दानही 2 होते आणि आखूड आणि मध्यम पासला इंटरसेप्शनची दाने एकावरून तीनवर जातात. बहुतेक घरगुती पट बिघडतात ते नेमके इथे.

इंटरसेप्शन झाले की चेंडू सुरुवातीच्या जागेपासून पत्त्यावरचे यार्ड मोजून पुढे ठेवायचा. तो एन्ड झोनमध्ये पोचला तर नव्या संघाने आपल्या 20 यार्डांच्या रेषेवरून खेळायचे. त्यामुळे चौथ्या डाउनला लांब पास हुकून समोरच्याने पकडला तरी फार बिघडत नाही, जवळजवळ पंट मारल्यासारखेच (लाथेने चेंडू दूर पाठवून समोरच्याला दिल्यासारखेच) ते. गोल रेषा 20 यार्डांच्या आत आली की लांब पत्ता बाद करावा, 30 यार्डांवर मैदानच संपलेले असते.

वेळेचे राहिलेच. वाया गेलेल्या पासला घड्याळ थांबते, म्हणून त्याचे 10 सेकंद आणि झेल किंवा सॅकचे 30 धरावेत. 15 मिनिटांचे क्वार्टर कागदावर रेघोट्या ओढून मोजता येते.

आपला,
एक वाचक