करिअर करा, पण घरटं सोडून

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत वाइल्डलाईफ फोटोग्राफर व्हा असा लेख आला आणि तेव्हापासून पोरं माझ्याकडं चौकशीला यायला लागलीत, चांगलंच आहे, मी शिकवतोच. पण लेखात वाघ होता, अवॉर्ड होतं, पोट कसं भरतं तेवढं नव्हतं. आमच्या पैठण भागात पक्ष्यांचे फोटो काढणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण लगीनसराईत हळद, वरात, प्री-वेडिंग करतात, मोठ्या लेन्सचा हप्ता त्यातूनच फिटतो, बाकी भर क्लासची. यात कमीपणा काही नाही हो, अमेरिकेतला निसर्गाचे फोटो काढणारा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स एवढा मोठा माणूस, तोही कितीतरी वर्षं कंपन्यांची कामं करूनच घर चालवायचा, आणि 1940 पासून तिथल्या योसेमिटी नॅशनल पार्कात वर्कशॉप घेऊन शिकवायचा.

अडचण वेगळीच आहे. फी भरलेल्या पोराला रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो पाहिजे असतो, आणि पक्षी काही फी बघून येत नाही. मग काही सर लोक सोपा रस्ता धरतात, सरळ घरट्यावर नेतात, कारण तिथं पक्षी फिरून येणारच, नाहीतर मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बाहेर काढतात.

टिटवीचंच घ्या. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला असं आपल्याकडं म्हणतात, ते खरं-खोटं जाऊ द्या, पण ती घालते उघड्यावर, खड्यांत, भर उन्हाळ्यात. मराठवाड्यातलं ऊन मी तुम्हाला काय सांगू, चाळीसच्या पुढं पारा, ती बिचारी पोट पाण्यात भिजवून येते अन् अंड्यांवर बसते, तेवढाच गारवा. तिथं आठ-दहा जण ट्रायपॉड लावून तासभर बसले तर ती लांबूनच ओरडत राहते, जवळ येत नाही, अंडी उन्हात शिजतात. फोटो मात्र झकास येतो, लाईक पण पडतात.

1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं डिस्टर्ब करणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलंय, हे किती क्लासमध्ये सांगतात? आमचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, तर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. मी पोरांना आधी कॅमेरा बॅगेतच ठेवायला लावतो, दुर्बीण देतो, रोहित म्हणजे फ्लेमिंगो चिखलात चोच उलटी धरून कसा खातो, पट्टकादंब म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस उडायच्या आधी मान कशी ताणतात ते बघा म्हणतो. काही पोरं कंटाळून दुसऱ्या क्लासला जातात, जाऊ द्या.

तुम्हाला एकच विनंती, वाचकांच्या फोटोंच्या पानावर घरट्यातल्या पिल्लांचे, अंड्यांचे फोटो छापणं बंद करा, आणि बाकीच्या फोटोखाली तो कुठून, किती लांबून काढला तेही विचारून छापा. पोरं तुमच्या पानावर नाव यावं म्हणूनच धडपडतात, माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतील.

आपला,
एक फोटोग्राफर, पैठण

(नाव छापू नये, लग्नाच्या ऑर्डरी याच गावातून येतात.)