विस्मृतीत गेलेला कप विनर्स कप

महोदय,

युरोपीय क्लब फुटबॉलविषयी लिहिताना आपल्याकडे चॅम्पियन्स लीगपलीकडे सहसा कोणी जात नाही. त्यामुळे आपापल्या देशाची चषक स्पर्धा जिंकणाऱ्या क्लबांसाठी १९६०-६१च्या हंगामात सुरू झालेल्या कप विनर्स कपची आठवण करून द्यावीशी वाटते. पहिल्या वर्षी ग्लासगोच्या रेंजर्सला हरवून फिओरेंटिना विजेती ठरली, आणि पुढल्याच वर्षी तीच अंतिम लढतीत ॲटलेटिको माद्रिदकडून पराभूत झाली. हा जणू पायंडाच पडला. गतविजेते आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचूनही हरले आणि सलग दोनदा हा चषक कोणालाच जिंकता आला नाही.

स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाने १९६९ मध्ये बार्सिलोनाला, पूर्व जर्मनीच्या माग्डेबुर्गने १९७४ मध्ये मिलानला आणि प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या स्कॉटलंडमधील ॲबर्डीनने १९८३ मध्ये जादा वेळेत रेआल माद्रिदला नमवले. अशा कमी नावाजलेल्या संघांना युरोपचे दार उघडून देणारी ही स्पर्धा माझ्या मते अधिक रंजक होती. पुढे चॅम्पियन्स लीगमध्ये देशांतर्गत लीगमधील उपविजेत्यांनाही प्रवेश मिळू लागल्यावर तिचे महत्त्व घटले. १९९९ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर लाझिओने मायोर्काला २-१ असे हरवले, तो तिचा अखेरचा सामना ठरला.

– एक वाचक